देवी आली, दारू सुटली, मग देवीही गेली : टिकते ते काय?

जव्हार-मोखाड्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या कानावर एक वाक्य ठरावीक अंतराने पडत राहते : "आदिवासींचे काही होणार नाही हो, ते पितातच." बोलणारा कधी सरकारी कर्मचारी असतो, कधी ठेकेदार, कधी शहरातून वह्या वाटायला आलेला सज्जन पाहुणा. आपल्या वस्त्यांबद्दलही हेच वाक्य बोलले जात होते आणि आजही बोलले जाते. व्यसन एकदा जातीच्या माथी मारले की मजुरी एवढी कमी का, जमीन कोणाच्या नावावर गेली, पोर कशाने दगावले, हे प्रश्न विचारावे लागत नाहीत. सगळ्याचे उत्तर एकच : पितात.

या वाक्याला भावनेने उत्तर देऊन भागत नाही. त्याला इतिहासाने उत्तर द्यावे लागते. आणि तो इतिहास लांब कुठे नाही, याच पालघरच्या किनाऱ्यावर सुरू होतो. शंभर वर्षांपूर्वी इथून निघालेल्या एका लाटेत हजारो आदिवासींनी कोणाच्याही सांगण्यावाचून, कोणत्याही कायद्यावाचून दारू सोडली होती. आपल्या तरुणांना चवदार तळ्याचा सत्याग्रह माहीत असतो आणि असलाच पाहिजे. पण त्याच्या पाच वर्षे आधीची ही घटना फारशी कोणाला माहीत नसते. ती माहीत करून घेण्याचे कारण केवळ अभिमान नाही. ती दारूबंदी का झाली याहून ती पुढे का ढासळली, हा प्रश्न आज आपल्या जास्त उपयोगाचा आहे.

१९२२ : किनाऱ्यावरून डोंगराकडे

१९२१-२२ च्या सुमारास तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुक्यात, किनाऱ्यावरच्या मांगेला कोळी वस्त्यांमध्ये देवीच्या साथीच्या वेळी एक विधी होऊ लागला. रोगही देवी आणि रोग घालवणारीही देवी. माणसे एकत्र बसायची, कोणाच्या तरी अंगात देवी यायची आणि ती आज्ञा द्यायची. कोळीवाड्यातला हा विधी तिथेच थांबला नाही. तो पूर्वेकडे डोंगरपट्ट्यात शिरला आणि वारली, कोकणा, ढोडिया, चौधरी अशा एकेका जमातीतून पुढे सरकत राहिला. १९२२ सालीच तो धरमपूर, बांसडा अशा संस्थानांत, घाटावर नाशिककडे आणि उत्तरेला सुरत जिल्ह्यापर्यंत पोचला. जव्हारचे मुकणे संस्थान याच डोंगरपट्ट्याच्या कुशीत बसलेले होते.

वाटेत देवीला नाव मिळाले, सलाबाई. आणि वाटेत तिच्या आज्ञाही बदलत गेल्या. साथ ओसरेपर्यंत पथ्य पाळा, इथून सुरू झालेली गोष्ट कायमच्या जीवनबदलापर्यंत गेली. दारू पिऊ नका. ताडी पिऊ नका. मांस-मासे खाऊ नका. रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरत जिल्ह्यातील खानपूर या गावाजवळच्या मोकळ्या शेतात सुमारे दोन हजार आदिवासी असे जमले होते. बोलवणारा पुढारी नव्हता, पत्रक नव्हते, सभेचा अध्यक्ष नव्हता. अंगात आलेली साधी माणसे बोलत होती आणि त्यांच्यासारखीच साधी माणसे ऐकत होती.

इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीवर 'द कमिंग ऑफ द देवी' हे पुस्तक लिहिले, ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. कागदपत्रांबरोबरच गावोगाव फिरून, त्या काळाची आठवण असलेल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांनी हा इतिहास गोळा केला. तोवर या घटनेची नोंद बहुतेक ठिकाणी 'गांधींच्या प्रभावाने आदिवासींनी दारू सोडली' अशा एका ओळीत उरकली जात होती. त्या ओळीबद्दल एवढेच सांगावे लागते की १९२२ च्या मार्चपासून गांधीजी तुरुंगात होते. पुढे देवीच्या तोंडून गांधींचे नाव आले, चरखाही आला, हे खरे. पण काँग्रेसचे कार्यकर्ते चळवळीजवळ पोचले तेव्हा दारू आधीच सुटलेली होती. बहुजनांनी स्वतः केलेल्या कामावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागते, हे आपल्याला नवीन नाही.

दारू आली कुठून?

"पितातच" म्हणणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडत नाही. मोहाची दारू आदिवासींच्या घरात होती, हे कोणी नाकारत नाही. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले वेचायची, वाळवायची, काही खायला ठेवायची, काहींची दारू गाळायची. ती लग्नात लागायची, देवाला लागायची. पहिला थेंब जमिनीला, पूर्वजांना. फूल झाडाचे, भट्टी घरची, पिणारे पाहुणे घरचे. त्यातही अतिरेक होत असणारच. पण त्या दारूपायी कोणाचे कर्ज होत नव्हते.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने हे चित्र पालटले. घरी दारू गाळणे गुन्हा झाला. दारू सरकारमान्य मोठ्या भट्टीत बनणार, तिच्यावर कर बसणार आणि ती परवानाधारक दुकानातच विकली जाणार, अशी घडी बसली. तरीही माणसे घरी गाळतात म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना लावण्यात आला. म्हणजे जंगलातले फूल घरात सापडले तर आदिवासी गुन्हेगार, आणि तोच दुकानात जाऊन उधारीवर प्याला तर सरकारचे उत्पन्न! मुंबई सरकारच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता. शेजारची संस्थानेही त्याच उत्पन्नाकडे डोळे लावून होती.

या भागातली दुकाने बहुतांशी पारशी परवानाधारकांकडे होती. दुकानदार हाच अनेकदा सावकार, पुढे हाच जमीनदार. उधारी वहीवर चढायची, वही वाढत जायची, एक दिवस जमीन वहीत जायची आणि मालक आपल्याच शेतावर मजूर व्हायचा. देवीने पारशी दुकानदाराकडे काम करू नका असे सांगितले ते या व्यवहारामुळे. यातून कोणी एका समाजाविरुद्ध द्वेष काढू नये. परवाना वाटणारे सरकार होते आणि पुढे तीच दुकाने व सावकारी इतर जातींच्या हातात गेली तेव्हा आदिवासींचे हाल कमी झाले नाहीत.

म्हणून १९२२ मध्ये आदिवासींनी पेला खाली ठेवला तेव्हा त्यांनी एक सवय सोडली, एवढेच घडले नाही. त्यांनी वहीच बंद केली. दुकाने ओस पडली, महसूल बुडू लागला. आणि संस्थानिक व अधिकारी अस्वस्थ झाले. विचार करा, प्रजा दारू सोडते आहे म्हणून राज्यकर्ते घाबरतात. दारू कोणाची गरज होती, हे यातून उघड होते.

हे संस्कृतीकरण होते का?

समाजशास्त्राच्या वर्गात अशी उदाहरणे एका शब्दात बसवायला शिकवतात : संस्कृतीकरण. एम. एन. श्रीनिवास यांची ही संकल्पना. खालच्या समजल्या जाणाऱ्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात आणि वरचे स्थान मागतात. दारू सोडली, मांस सोडले, आंघोळ सुरू केली. झाले, हे संस्कृतीकरण. महाडला आपल्या लोकांनी मृत जनावरांचे मांस सोडायचा निर्धार केला, त्यालाही काही अभ्यासकांनी याच कप्प्यात टाकले.

आम्हाला हा कप्पा अपुरा वाटतो. नक्कल करणारा ज्याची नक्कल करतो त्याच्याकडून शाबासकी मागतो. १९२२ च्या आदिवासींनी कोणाही ब्राह्मणाकडून शाबासकी मागितली नाही. त्यांनी दुकानदाराचे काम नाकारले. सत्तेवर असलेल्या लोकांकडे जे आहे, म्हणजे स्वच्छता, संयम, शिस्त, ते आम्हीही कमावू शकतो आणि ते कमावल्यावर तुमची सत्ता आमच्यावर कशाच्या जोरावर चालेल, असा तो सवाल होता. हार्डीमन यांचाही निष्कर्ष साधारण याच दिशेचा आहे. महाडचेही तेच. मृत मांस सोडणे म्हणजे सवर्णांसारखे होणे नव्हते. गावकीचे ते काम सोडणे होते आणि त्या कामाबरोबर मिळणारी हीनता नाकारणे होते. १९-२० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी तेच सांगितले आणि लगेच तळ्याकडे मोर्चा गेला. आधी मनातली गुलामी, मग पाणवठा.

तरीही संस्कृतीकरणवाल्यांच्या म्हणण्यात एक कण सत्याचा आहे आणि तो पुढे महागात पडला. त्याकडे आता वळू.

मग ढासळले का?

वर्ष-दोन वर्षांत लाट ओसरली. पुष्कळ गावांत माणसे पुन्हा पिऊ लागली. सुरत भागातल्या चौधरींमध्ये तर दोन तट पडले : आज्ञा पाळत राहणारे 'वरजेला' आणि परत जुन्या रीतीवर गेलेले 'सरजेला'. एकाच गावात, एकाच कुळात दोन तट. ज्यांनी चौकशी न करता "पितातच" म्हणायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा पुरावा पुरेसा असतो. आम्हाला त्यात तीन कारणे दिसतात.

पहिले कारण, आज्ञा बाहेरून आली होती. देवी अंगात आली तेव्हा माणूस बदलला. पण अंगात आलेले वारे कधीतरी उतरते. भीतीने धरलेले पथ्य भीती असेपर्यंत टिकते. एखाद्याने आज्ञा मोडली, त्याच्या घरात काही वाईट घडले नाही, की शेजाऱ्याची भीती निम्मी होते. आज्ञेचे कारण ज्याला स्वतःला पटलेले नसते, त्याच्याकडे त्या दिवशी स्वतःला सांगायला काही उरत नाही.

दुसरे कारण, आज्ञांची मोट चुकीची बांधली होती. दारू आणि मासा एकाच गाठीत. दारू आदिवासींना लुटत होती. मासा, खेकडा, सुकट, शिकार हे त्यांचे अन्न होते. इथेच तो सत्याचा कण आहे : शुद्ध-अशुद्धाची ब्राह्मणी कल्पना नकळत आज्ञांमध्ये शिरली. पावसाळ्यात ओहोळाला खेकडे येतात, घरात भाकरीला दुसरे कालवण नसते. तो खेकडा खाल्ला की माणसाच्या मनात व्रत मोडले. आणि व्रत मोडलेच आहे तर दारूने काय घोडे मारले? जे सोडणे गरजेचे होते ते, जे सोडणे अन्यायाचे होते त्याच्याबरोबर वाहून गेले, असे आमचे वाचन आहे. ज्या मोखाड्यात आणि जव्हारमध्ये आजही मुले कुपोषित जन्मतात, ज्या तालुक्यातले १९९२ चे वावर-वांगणीचे बालमृत्यू महाराष्ट्र विसरू शकत नाही, तिथे येऊन अंडी-मासे सोडायला सांगणारे आजचे बाबा-महाराज पाहिले की हा मुद्दा जुना झालेला नाही हे कळते.

तिसरे कारण सर्वांत कठीण. वही बंद झाली पण जमीन परत आली नाही. सोडणाऱ्याच्या पाठीशी त्याचा रोजचा संसार उभा राहिला नाही. चळवळ प्रामुख्याने टिकली ती सुरतकडच्या चौधरी शेतकऱ्यांमध्ये, जिथे हातात थोडी जमीन होती आणि पुढे वेडछीसारख्या आश्रमांमुळे शाळा, बैठका, कार्यकर्ते यांचे जाळे मिळाले. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरात असे काही झाले नाही. इथे वेठबिगार तशीच राहिली. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि नवरा-बायकोने जन्मभर सावकाराच्या दारात राबायचे, ही लग्नगडीची पद्धत तशीच राहिली. सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन यांच्या अहवालात १९३८-३९ मध्येही याच भागातल्या वेठीची आणि सावकारीची वर्णने आहेत. ती मोडायला १९४५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले, गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारली गेली आणि ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबारात वारल्यांनी रक्त सांडले. दारू सोडून जे पूर्ण झाले नव्हते, ते वेठ सोडून पुढे गेले.

बाबासाहेबांच्या दोन भूमिका

आता आपल्याकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांना हे ऐकून धक्का बसतो, पण शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करावी असे स्पष्ट म्हटले आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा नुकताच आला होता. त्या बंदीने सरकारचे जे उत्पन्न बुडते ते वाचवावे आणि लोकांच्या विकासाला लावावे, ही भूमिका होती. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी दारू न पिण्याची.

विरोधक यात विसंगती शोधतात. आपण यात एक सूत्र पाहावे. राज्याने केलेली बंदी वेगळी आणि माणसाने घेतलेले शील वेगळे. बंदी पोलीस राबवतो, शील माणूस स्वतः राबवतो. बंदीचा दंडुका कोणावर पडतो, हे मोहाच्या इतिहासाने दाखवून दिलेच आहे. १८७८ मध्ये आदिवासीची भट्टी महसुलासाठी गुन्हा ठरली, १९४९ मध्ये नीतीसाठी. दोन्ही वेळा पोलीस त्याच झोपडीत शिरला. चंद्रपूरचे ताजे उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी लागली आणि २०२१ मध्ये उठली. त्याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली होती. कायदा सहा वर्षांत आला आणि गेला. दीक्षा घेतलेल्यांची नातवंडे आजही विहारात पंचशील म्हणतात.

ही प्रतिज्ञा १९५६ मध्ये आकाशातून पडली नव्हती. त्यामागे तीस वर्षांची तयारी होती. महाडपासून सभेसभेत व्यसनांवर बोलले गेले. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायकांना स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा असे सांगितले. गाणारे जलसे हेच सांगत गावोगाव फिरले. म्हणजे प्रतिज्ञा घेणाऱ्याला ती का घ्यायची हे आधी पटलेले होते. आणि त्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू आहे, चोरी आहे, व्यभिचार आहे, खोटे बोलणे आहे. मांसाहार सोडण्याची अट नाही. देवीच्या आज्ञांतली गाठ बाबासाहेबांनी सोडवली. माणसाला नासवणारे सोडायचे आहे, गरिबाचे ताट काढून घ्यायचे नाही.

आणखी एक गोष्ट. दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. देवी गेल्यावर जे झाले तेच इथेही होऊ शकले असते. झाले नाही, कारण मागे वारे ठेवलेले नव्हते, रचना ठेवलेली होती. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली होती, १९५७ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीतून हाती आला, वस्तीवस्तीत विहार उभे राहिले, बौद्धाचार्य तयार झाले. माणूस गेला तरी शील घ्यायची जागा राहिली.

रोज घ्यायचे ते शील

पंचशीलाचे पाली शब्द आपण पाठ म्हणतो, पण त्यांच्या रचनेकडे लक्ष देत नाही. पाचवे शील 'तू पिऊ नकोस' असे सांगत नाही. ते पिणाऱ्याच्याच तोंडून येते : मद्यापासून, ज्याने बेसावधपणा येतो त्यापासून दूर राहण्याचा शिक्षापद मी घेतो. 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याची पायरी. 'समादियामि' म्हणजे मी स्वतः घेतो. आज्ञा देणारा कोणी नाही, शाप देणारा कोणी नाही. आणि दारू वाईट का? ती अपवित्र आहे म्हणून नाही, तिने माणूस बेसावध होतो म्हणून. बेसावध माणसाच्याच अंगठ्याचा ठसा वहीवर उमटतो.

शिकण्याची पायरी असल्यामुळे घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा ती पायरी चढू शकतो. व्रत एकदा मोडले की मोडले. शील पुन्हा घेता येते. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला हा फरक जीव वाचवण्याइतका मोठा असतो. बहुतेकांना एका झटक्यात दारू सुटत नाही, ती सुटते, पुन्हा धरते, पुन्हा सुटते. 'आता मोडलेच' ही भावना माणसाला पहिल्या घोटापेक्षा जास्त बुडवते.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतल्या सेनेका या मूळनिवासी जमातीत १७९९ मध्ये हॅन्डसम लेक नावाचा, दारूने मरणाला टेकलेला माणूस दृष्टान्तातून उठला आणि त्याने आपल्या लोकांना गोऱ्यांची दारू सोडायला सांगितले. आपल्या देवीच्या चळवळीशी किती साम्य! जमीन गेलेली, दुकानदाराची दारू आलेली, आणि श्रद्धेतून उठलेला नकार. पण ती शिकवण आजही जिवंत आहे, कारण ती तिथल्या सामूहिक घरांत पुन्हा पुन्हा, लोकांना एकत्र बसवून सांगितली जाते. १९३५ मध्ये अमेरिकेतच सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे सूत्रही तेच : फक्त आजच्या दिवसापुरती प्यायची नाही, आणि ते एकट्याने नाही, तर त्याच वाटेने गेलेल्यांच्या सोबतीने. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही उपचारानंतरचा पाठपुरावा आणि कुटुंबाचा सहभाग यांना मोठे स्थान आहे. श्रद्धा कोणतीही असो, तिला रोजची उजळणी आणि सोबतीची माणसे लागतात. आपल्या भाषेत सांगायचे तर शील आणि संघ.

आता जव्हार-मोखाडा, आणि आपण

आज इथली दारू मोहाची उरलेली नाही. काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेली हातभट्टी आहे आणि हद्दीपलीकडून, सिल्वासा-दमणकडून येणारी स्वस्त बाटली आहे. दिवाळी झाली की गावे रिकामी होतात. माणसे उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. आठवड्याला खर्ची मिळते, हिशोब पावसाळ्याच्या तोंडाशी होतो. त्या हिशोबात काय राहिले आणि काय गेले हे वही ज्याच्या हातात त्यालाच माहीत. १९२२ ची वही अजून मिटलेली नाही, फक्त तिची दुकाने बदलली आहेत.

अशा ठिकाणी आम्ही धर्म वाटायला जात नाही आणि कोणी जाऊही नये. आदिवासींचा हिरवा, नारनदेव, कणसरी त्यांच्या आहेत. त्यांना हिंदू करण्याचा घाट जसा चूक, तसाच आपल्या विहारात ओढण्याचा घाईचा मोहही चूक. देवीच्या चळवळीने दाखवून दिले आहे की त्यांच्या श्रद्धेतूनही मुक्ती उगवते. आपण द्यायचे ते आपले शिकलेले : कारण पटवून देणे, पुन्हा पुन्हा एकत्र बसणे, आणि पेल्याबरोबर वहीलाही हात घालणे. हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री बंद करण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हा अधिकार मुंबईच्या दारूबंदीसारखा वरून आलेला दंडुका नाही, ती गावाने गावासाठी घेतलेली प्रतिज्ञा होऊ शकते. ग्रामसभेत बायका बोलू लागतात तिथे ती होतेही. त्याच सभेत वीटभट्टीच्या उचलीची नोंद, वनहक्काचे दावे आणि रोजगार हमीची मागणी आली पाहिजे. पोटाला गावात काम असेल तर खर्चीच्या दिवशीच्या दुकानापासून माणूस आपोआप दूर राहतो.

आणि एक इशारा. शील हा उपचाराला पर्याय नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला भगताकडे किंवा भन्तेंकडे नेण्याआधी जव्हारच्या कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी डॉक्टरांकडे न्या. धम्म बुद्धी वापरायला सांगतो.

आता शेवटचे, आपल्याच तरुणांना. चौदा एप्रिलला डीजेसमोर नाचताना ज्यांच्या तोंडाला वास येतो, त्यांच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेममध्ये आहेत. फ्रेम केलेली प्रतिज्ञा ही अंगातून उतरलेल्या देवीसारखीच. ती घरात असते, माणसात नसते. "पितातच" हे वाक्य ज्यांना खोटे पाडायचे आहे, त्यांना ते भाषणात पाडता येत नाही. जयंती समितीने वर्गणीतला एक हिस्सा व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या आपल्याच पोरांच्या उपचारासाठी ठेवावा. विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे, ज्याला सोडायची आहे त्याने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, कोणी हसू नये, कोणी बाहेर सांगू नये. पुढच्या रविवारी तो घसरून आला तरी त्याला पुन्हा जागा द्यावी आणि पाचवे शील पुन्हा त्याच्यासोबत म्हणावे.

१९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या, डोंगरातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी सोडून दाखवली होती. त्यांच्याकडे ग्रंथ नव्हता, संघटना नव्हती, संविधान नव्हते. आपल्याकडे तिन्ही आहेत.

जय भीम. जोहार.